शेकडो क्लिप्स इम्पोर्ट करताना कॉम्प्युटर बंद पडतो: आधी नक्की काय कोसळलं ते शोधा

लग्नाचं शूट संपल्यावर कार्डांवर काय काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. दोन मोठे कॅमेरे, गिंबलवरचा तिसरा, ड्रोन, आणि नवरीच्या भावाने मोबाइलवर काढलेला हळदीचा नाच. साखरपुड्यापासून वरातीपर्यंत सहा-सातशे क्लिप्स सहज होतात. अख्खा फोल्डर उचलून एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकला, पट्टी निम्म्यापर्यंत सरकली आणि खिडकी पांढरी पडली. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मशीनच रीस्टार्ट झालं.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, "रॅम वाढव." दुसरा मिळतो, "मशीन जुनं झालं, नवीन घे." ऐन लग्नसराईत, पार्टीचा फोन रोज येत असताना, माणूस घाबरून हा खर्च करून टाकतो. मी स्वतः लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि ओळखीच्या स्टुडिओंची अडलेली मशीनंही बघतो. त्यात रॅम खरोखरच कमी पडली होती अशी प्रकरणं मला फार थोडी सापडली. म्हणून पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ या शोधाला द्या.

हा लेख विंडोजवर प्रीमिअर प्रो किंवा डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी आहे. शोधण्याची रीत दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही तशीच लागू पडते, मेनूंची नावं तेवढी बदलतील.

कार्डांना हात लावू नका

दोष सापडून काम मार्गी लागेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि इम्पोर्ट नेहमी डिस्कवरून करा. कार्ड रीडरमधून थेट इम्पोर्ट करू नका. रीडरची वायर जराशी हलली की सॉफ्टवेअरच्या हातातली फाइल अचानक नाहीशी होते, आणि मग ते बंद पडलं तर त्यात नवल नाही.

कॉपी करताना कार्डावरचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा घ्या. सोनीच्या कार्डावर 'प्रायव्हेट' नावाच्या फोल्डरच्या पोटात क्लिप्स आणि त्यांच्या माहितीच्या छोट्या फायली असतात. नुसत्या क्लिप्स उचलल्या तर ही माहिती मागे राहते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि एकूण बाइट्स जुळतात का ते पाहा.

इम्पोर्ट करताना आत काय चालतं

इम्पोर्ट म्हणजे नुसती यादी तयार होणं, असं वाटतं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल उघडतं, तिची माहिती वाचतं, छोटं चित्र दाखवण्यासाठी एखादी फ्रेम उलगडतं आणि कॅशमध्ये (कामापुरत्या तात्पुरत्या फायलींच्या साठ्यात) स्वतःच्या नोंदी लिहितं. प्रीमिअर त्याशिवाय आवाजाच्या लहरींच्या फायली बनवतं आणि काही प्रकारच्या आवाजाची वेगळी प्रतही तयार करतं.

४के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. ८ बिटची एक फ्रेम चार चॅनेलसह मेमरीत उलगडली की सुमारे ३३ एमबी जागा घेते. शिवाय एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ आवळून साठवण्याच्या पद्धतींमध्ये बहुतेक फ्रेम्स स्वतःपुरत्या पूर्ण नसतात. आजूबाजूच्या फ्रेम्सपेक्षा काय बदललं एवढंच त्यांत साठवलेलं असतं, त्यामुळे एक चित्र दाखवायला शेजारच्या अनेक फ्रेम्स उलगडाव्या लागतात. सातशे फायलींसाठी हे काम एका दमात मागितलं की डिस्क, रॅम, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड या सगळ्यांवर एकदम ताण येतो. जो दुवा कच्चा असेल तो तुटतो. एरवी टाइमलाइनवर दिवसभर निवांत चालणारं मशीन नेमकं इम्पोर्टलाच का बसतं, याचं उत्तर यात आहे.

पहिली पायरी: काय कोसळलं?

"कॉम्प्युटर क्रॅश होतो" या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात. सॉफ्टवेअर एकटं बंद पडलं आणि विंडोज नीट चालू राहिलं, तर संशय फायलींवर, कॅशवर किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर. स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत आला आणि मग सॉफ्टवेअर अडकलं, तर संशय ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या प्रोग्रामवर. निळा स्क्रीन आला किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तर रॅम, वीज, उष्णता, प्रोसेसर किंवा एखादा ड्रायव्हर.

अंदाजावर थांबू नका, विंडोजने नोंद ठेवलेली असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलंत की दिवसागणिक तक्ता उघडतो आणि लाल फुल्यांवर क्लिक करून काय कधी बंद पडलं ते दिसतं. त्याहून बारकाईने पाहायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची 'ॲप्लिकेशन एरर', आयडी १००० अशी नोंद शोधा. तिच्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ असते आणि मला सगळ्यांत जास्त मदत याच ओळीने केली आहे. ते नाव 'एनव्ही' या अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा एनव्हिडियाचा ड्रायव्हर पडला. एखाद्या प्लगइनचं (सॉफ्टवेअरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं) नाव दिसलं तर प्लगइन काढून पुन्हा करून पाहा.

आता 'सिस्टिम' हा लॉग उघडा. 'डिस्प्ले ४१०१' म्हणजे ग्राफिक ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने तो परत उभा केला. यासाठी विंडोज मुळात २ सेकंदच वाट पाहतं. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' ही नोंद म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली. 'डिस्क ७' म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक. 'कर्नल-पॉवर ४१' दिसली की दुकानदार लगेच पॉवर सप्लाय बदलायला सांगतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. कारण तिच्यात नसतं, त्यामुळे एवढ्यावर सप्लाय बदलू नका.

नोंदीची वेळ, क्रमांक आणि मॉड्यूलचं नाव वहीत लिहून ठेवा.

दुसरी पायरी: निम्मे करत जा

या पायरीला पुरेसा वेळ द्या, कारण पुढची वाट हिच्यावर ठरते.

जुना प्रोजेक्ट बाजूला ठेवून नवा, रिकामा प्रोजेक्ट बनवा. मुख्य कॅमेऱ्याच्या दहा क्लिप्स आणा. आल्या की सेव्ह करा. मग एकेका कॅमेऱ्याचा फोल्डर स्वतंत्रपणे आणा: पहिला कॅमेरा, सेव्ह, दुसरा, सेव्ह, ड्रोन, सेव्ह, मोबाइल. ज्या फोल्डरवर मशीन बसेल तो पकडा आणि त्याचे दोन भाग करा. पहिला अर्धा आला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात आहे. त्याचे पुन्हा दोन भाग. ६४० क्लिप्स असल्या तरी ३२०, १६०, ८०, ४०, २० असं करत जास्तीत जास्त दहा फेऱ्यांत तुम्ही एका क्लिपपर्यंत पोहोचता. एकेक क्लिप तपासत बसलात तर रात्र जाईल.

प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदला. याच वेळी ड्रायव्हरही टाकला आणि कॅशही पुसली, तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळणार नाही.

शेवटी तीनपैकी एक निकाल येतो. एकच क्लिप दोषी निघते. किंवा एका विशिष्ट प्रकारच्या सगळ्याच क्लिप्स मशीन पाडतात. किंवा कुठलाही तुकडा वेगळा आणला तर येतो आणि सगळं एकदम आणलं की पडतं. तुमचा निकाल असेल तो भाग आधी वाचा.

निकाल पहिला: एकच क्लिप

मागे एका मित्राने ३२ जीबीची रॅम ६४ केली आणि तरी इम्पोर्ट त्याच ठिकाणी थांबत होता. निम्मे करत गेलो तेव्हा मंगलाष्टकांची एक क्लिप हाती लागली. आकार कार्डावरच्या मूळ फाइलइतकाच, पण मागचा भाग रिकामा. कॉपी चालू असताना कार्ड रीडरची वायर हलली होती. कार्ड अजून पुसलेलं नव्हतं म्हणून तीच क्लिप पुन्हा कॉपी केली आणि दहा मिनिटांत काम पुढे सरकलं. कार्ड फॉरमॅट झालं असतं तर त्या घरच्या लोकांना काय सांगायचं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

तर पहिला उपाय तोच: दोषी क्लिप कार्डावरून नव्याने कॉपी करा. कार्डावरचीच बिघडलेली असेल, उदाहरणार्थ रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी निघाली असेल, तर फाइलच्या शेवटी लिहिली जाणारी अनुक्रमणिका लिहिलीच गेलेली नसते. ते कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून पाहा. बरेच कॅमेरे फाइल दुरुस्त करू का, असं स्वतःहून विचारतात. तेवढ्याने जमलं नाही तर 'अनट्रंक' नावाचं साधन आहे. ते त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून घेतं आणि तिच्यावरून तुटलेली फाइल उभी करण्याचा प्रयत्न करतं.

"व्हीएलसीमध्ये तर चालते!" हा पुरावा धरू नका. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर वापरतं आणि तुटक्या फायलीही सांभाळून घेतं.

क्लिप नसलेल्या फायलीही तपासा. मॅकवर लावलेल्या एक्सफॅट डिस्कवर प्रत्येक क्लिपच्या नावाआधी टिंब आणि अधोरेषा असलेली, बहुधा ४ केबीची, एक सावली-फाइल तयार होते. मॅकवर ती दिसत नाही. विंडोजवर मात्र तिचं नाव आणि शेपूट व्हिडिओसारखंच असतं आणि सॉफ्टवेअर ती उघडायला जातं. गोप्रोच्या 'एलआरव्ही' आणि 'टीएचएम', तसंच डीजेआयच्या 'एलआरएफ' फायली एडिटसाठी लागत नाहीत. फोल्डर आकारानुसार लावा. शून्य बाइट आणि काही केबींच्या फायली आपोआप एकत्र येतील. त्या पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा.

निकाल दुसरा: एकाच प्रकारच्या क्लिप्स

मीडियाइन्फो हे मोफत साधन टाका आणि चालणारी एक क्लिप व पाडणारी एक क्लिप शेजारी उघडा. कोडेक (व्हिडिओ आवळण्याची पद्धत), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती ठेवली) आणि फ्रेम रेट मोड (फ्रेम्सचा वेग स्थिर की बदलता) या चार ओळी ताडून पाहा.

१० बिट ४:२:२ असं दिसलं तर थांबा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर हे सेटिंग सर्रास वापरतात, रंगांच्या कामाला ते उत्तमच आहे. पण एनव्हिडियाच्या कार्डांवर ४:२:२ उलगडण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून मिळाली. त्याआधीची कार्डं, किती महाग का असेनात, हे काम प्रोसेसरवर सोडतात. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्सला एच.२६५ मधलं ४:२:२ उलगडता येतं. मात्र प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स चालू नसतं. आणि असेंबल करणाऱ्याने ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद केलं असेल तर असून नसल्यासारखं. एवढी एक गोष्ट चालू केल्यावर मशीनचा स्वभाव बदललेला मी पाहिला आहे.

आता चाचणी. प्रीमिअरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया असं जा, तिथला हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय बंद करा, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा आणि त्याच क्लिप्स आणा. हळू पण सुखरूप आल्या तर दोष ड्रायव्हरकडे आहे. एनव्हिडिया असेल तर गेम रेडी ड्रायव्हर काढून स्टुडिओ ड्रायव्हर टाका, टाकताना क्लीन इन्स्टॉलेशन निवडा. ड्रायव्हर गेल्याच आठवड्यात अपडेट झाला असेल आणि त्रासही तेव्हापासूनच असेल, तर मागच्या आवृत्तीवर जा. चाचणी संपली की बंद केलेला पर्याय पुन्हा चालू करायला विसरू नका.

मोबाइलच्या क्लिप्समध्ये फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसतं. फोन प्रकाशानुसार आणि ताणानुसार फ्रेम्सचा वेग कमीजास्त करतो. त्याने एडिटरमध्ये आवाज सरकतो आणि शेकडो क्लिप्स एकदम आल्या की सॉफ्टवेअर अडखळतं. हँडब्रेकमध्ये या क्लिप्स 'कॉन्स्टंट फ्रेम रेट'वर काढून घ्या. पाहुण्यांच्या मोबाइलचं फुटेज मी आता असं बदलल्याशिवाय प्रोजेक्टमध्ये घेतच नाही.

प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवल्या की सुटलो असा एक गैरसमज आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी बनवायच्या तर मूळ क्लिप्स आधी इम्पोर्ट व्हाव्या लागतात, आणि तेच तर होत नाहीये. म्हणून प्रॉक्सी बाहेर बनवा. शटर एन्कोडर मोफत आहे. रिझॉल्व्हसोबत २०२२ च्या १८व्या आवृत्तीपासून ब्लॅकमॅजिक प्रॉक्सी जनरेटर येतो. त्याला फोल्डर दाखवलं की तो एकेक क्लिप घेऊन रात्रभर काम करतो. प्रोरेस ४२२ प्रॉक्सी, १०८०, २५ फ्रेम्स असं ठेवलंत तर साधारण ३८ मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे तासाला १७ जीबी. दहा तासांच्या फुटेजला १७० जीबी मोकळे ठेवा. जी क्लिप प्रॉक्सी बनवतानाही अडते ती तुटकी आहे असं समजा.

निकाल तिसरा: वेगळं येतं, एकत्र पडतं

इथे मशीनकडे पाहायचं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधला मेमरी हा भाग समोर ठेवा आणि इम्पोर्ट सुरू करा. रॅमच्या टक्क्यांपेक्षा 'कमिटेड' हा आकडा पाहा. तो ३१.२/३१.९ असा काठाला टेकला असेल तर रॅम रिकामी दिसत असूनही विंडोज आणखी मेमरी देऊ शकत नाही, आणि सॉफ्टवेअर पडतं. दुसरा आकडा रॅम आणि पेजफाइल (विंडोज डिस्कवर रॅमला जोड म्हणून वापरतं ती फाइल) मिळून बनतो. एसएसडी जास्त टिकावी म्हणून पेजफाइल बंद करण्याचा सल्ला अजून फिरतो; एडिटिंगच्या मशीनवर तो मानू नका. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम मॅनेज्ड' ठेवा आणि सी ड्राइव्हवर निदान ५० जीबी मोकळे राहू द्या. सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर पेजफाइल वाढूच शकत नाही.

सी ड्राइव्ह भरतो तो बहुतेकदा कॅशने. प्रीमिअरची मीडिया कॅश मुळात सी ड्राइव्हवरच असते. प्रेफरन्सेसमधल्या मीडिया कॅशमध्ये जाऊन जुन्या फायली डिलीट करा, कॅशची जागा दुसऱ्या एसएसडीवर न्या आणि ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याचा पर्याय लावा. मूळ फुटेजला याने धक्का लागत नाही. तिथेच ऑडिओच्या प्रेफरन्सेसमध्ये आवाजाच्या लहरी आपोआप बनवण्याचा पर्याय बंद करा आणि बिन (प्रोजेक्टमधला क्लिप्सचा फोल्डर) लिस्ट व्ह्यूमध्ये ठेवा, म्हणजे शेकडो चित्रं एकदम मागितली जाणार नाहीत. अँटिव्हायरसला कॅशचा फोल्डर तपासणीतून वगळायला सांगा. फुटेज किंवा प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर बाहेर काढा.

मग डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्डडिस्कच्या ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांची नोंद ठेवणाऱ्या ओळी पाहा. तिथे 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्याहून मोठा आकडा असेल, विशेषतः तो वाढत असेल, तर आजच सगळं दुसरीकडे हलवा. सी७ वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक आहे, केबल खराब आहे. बाहेरची डिस्क हबवर लावू नका, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट जोडा.

उष्णता आपल्याकडे गंभीरपणे घ्यायला हवी. लग्नसराईचे बरेच मुहूर्त मे महिन्यात येतात, तेव्हा अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या खोलीत लॅपटॉप गादीवर ठेवून इम्पोर्ट लावला तर पंख्याला खेचायला हवाच मिळत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहत राहा. प्रोसेसर १०० अंशांना टेकून मशीन बंद होत असेल तर धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, लॅपटॉप मागून उचला. विजेचा दाब खालीवर होत असेल तर यूपीएस लावा आणि त्याची बॅटरी अजून दम धरते का ते तपासा.

निळा स्क्रीन येतच असेल तर बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून रॅम साध्या वेगावर आणा आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तर काड्या एकेक करून तपासा. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट कराच. त्यांतल्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ०एक्स१२९ आणि ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमार्फत प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या) दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो. बिल शोधून ठेवा.

कारण सापडल्यावर

आता मूळ काम. वारंवार पडलेल्या जुन्या प्रोजेक्टमध्ये पुढे जाऊ नका. नवा प्रोजेक्ट बनवून त्यात जुना इम्पोर्ट करा. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा बिन, प्रत्येक विधीला वेगळा उपबिन, आणि एका वेळी ५० ते १०० क्लिप्स. पट्टी पूर्ण होऊ द्या, लहरी बनवणं चालू ठेवलं असेल तर खाली ते काम संपू द्या, सेव्ह करा, मग पुढचा गट. सातशे क्लिप्सना अर्धा-पाऊण तास लागेल.

सगळं आल्यावर प्रत्येक कॅमेऱ्याची शेवटची क्लिप शेवटपर्यंत चालवून पाहा, कारण अर्धवट कॉपी बहुधा तिथेच सापडते. दोन्ही डिस्कवरच्या प्रती उघडतात याची खात्री करा. त्यानंतरच कार्डं मोकळी करा, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातूनच मारा, कॉम्प्युटरवरून नको.